जुन्या मालकाचा शेरा

नोकरी सोडलेल्या माणसाबद्दल जुना मालक नव्या मालकाला जे सांगतो, त्याला बोलताना ‘रेफरन्स’ म्हणतात. तो कधी लेखी दाखला असतो, कधी ईमेलने भरून पाठवलेला तक्ता, तर कधी फोनवरची दोन वाक्ये. हा शेरा वाईट निघाला आणि त्यापायी हातातोंडाशी आलेली नोकरी गेली, तर जुन्या मालकाकडून नुकसानभरपाई मागता येते का, हा या प्रकरणाचा विषय आहे. शेरा वाईट आहे एवढ्यावर भरपाई मिळत नाही. तो खोटा होता, आकसाने किंवा बेफिकिरीने दिला होता आणि नोकरी त्यामुळेच गेली, एवढे सगळे दाखवता आले तरच न्यायालयाचे दार उघडते. या प्रत्येक पायरीवर दावा अडखळू शकतो, आणि बहुतेक दावे पहिल्याच पायरीवर अडखळतात. कारण ज्याच्याविषयी शेरा लिहिला जातो, त्यालाच तो दाखवला जात नाही.

तपासणीचा तक्ता

उदाहरण म्हणून अंबरपेठ घेऊ. हे हैदराबादच्या पूर्व भागातले, मुसी नदीच्या उत्तरेचे जुने ठिकाण. शेजारी काचीगुडा, बरकतपुरा, नल्लाकुंटा. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे या बाजूला मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि शाळा हे त्यांच्या आधीच्या पिढ्यांचे ओळखीचे आधार होते. आता घरातली कमावती मुले-मुली शहर ओलांडून माधापूर, गच्चीबावलीच्या कंपन्यांत जातात. सरकारी नोकरीत सेवापुस्तक असते आणि बदलीच्या गावीही तेच जाते. खासगी नोकरीत दर दोन-चार वर्षांनी कंपनी बदलते, आणि दर वेळी जुन्या कंपनीचा शब्द नव्या कंपनीच्या दारात उभा राहतो.

हा शब्द मागवण्याची आता ठरलेली पद्धत आहे. नवी कंपनी ऑफर लेटर देते, पण ते ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन’च्या अटीवर. उमेदवाराकडून संमतिपत्रावर सही घेतली जाते आणि तपासणीचे काम बाहेरच्या एजन्सीकडे जाते. एजन्सी जुन्या कंपनीच्या एचआर विभागाला एक तक्ता पाठवते. त्यात रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पद, कर्मचारी क्रमांक, शेवटचा पगार आणि वरिष्ठाचे नाव असते. त्याखाली सोडण्याचे कारण, सगळी देणी-घेणी मिटली का, वर्तनाबद्दल काही तक्रार होती का, आणि शेवटी बहुधा एक प्रश्न असतो: या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्याल का, होय की नाही? अहवालात प्रत्येक बाबीला रंग मिळतो. हिरवा म्हणजे जुळले, पिवळसर म्हणजे शंका, लाल म्हणजे विसंगती. त्या शेवटच्या प्रश्नासमोर ‘नाही’ लिहायला काही सेकंद लागतात, आणि कारण लिहिण्याची सक्तीही नसते. उमेदवाराला मात्र एवढाच निरोप येतो, की कंपनी तुमची उमेदवारी पुढे नेऊ शकत नाही.

तपासणी इतकी कडक का झाली, यालाही कारण आहे. अनुभवाची बनावट प्रमाणपत्रे हैदराबादच्या सॉफ्टवेअर क्षेत्राची जुनी डोकेदुखी आहे. अंबरपेठेशी नावाने जवळचे, पण शहराच्या दुसऱ्या अंगाला असलेले अमीरपेठ संगणक प्रशिक्षण वर्गांसाठी देशभर ठाऊक आहे, आणि बनावट अनुभवाच्या चर्चेत ते नाव हमखास येते. नॅसकॉम या सॉफ्टवेअर उद्योगाच्या संघटनेच्या पुढाकाराने २००६ मध्ये ‘नॅशनल स्किल्स रजिस्ट्री’ सुरू झाली, तीही उमेदवारांची खरी माहिती एका ठिकाणी पडताळता यावी म्हणून. खरा शेरा मिळणे ही नव्या मालकाची रास्त गरज आहे, आणि प्रामाणिक उमेदवाराचाही त्यात फायदाच आहे. कायद्याने जुन्या मालकाला जे संरक्षण दिले आहे, ते या गरजेपोटीच.

नोकरीच्या तारखांपुरता एक पुरावा मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख नोंदलेली असते. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कर्मचारी स्वतः ती पोर्टलवर भरू शकतो. अंबरपेठकरांना या निधीचे कार्यालयही जवळ आहे, बरकतपुऱ्यात. पण या नोंदीत वागणुकीबद्दल काही नसते. म्हणून ‘काम केलेच नव्हते’ हा आरोप ती खोडून काढू शकते. ‘काम केले, पण माणूस बरा नव्हता’ या आरोपापुढे तिचा उपयोग होत नाही.

चिठ्ठीपासून विशेषाधिकारापर्यंत

मालकाच्या शेऱ्याची ही रीत जुनी आहे. इंग्रजांच्या काळात साहेबाच्या घरचा खानसामा, आया, घोडेवाला यांच्याकडे आधीच्या साहेबांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांची जपून ठेवलेली चळत असे. नवी नोकरी त्या चळतीवर मिळे. आपल्या ‘चिठ्ठी’ या शब्दावरूनच इंग्रजीत ‘चिट’ हा शब्द गेला. चिठ्ठी नोकराच्या हातात असे, पण त्यातले अक्षर अनेकदा त्याला वाचता येत नसे. आजच्या तक्त्यातले अक्षर उमेदवाराला वाचता येते, पण तक्ता त्याच्या हातात नसतो.

इंग्लंडमध्ये नोकरांच्या दाखल्यांवर अठराव्या शतकातच खटले उभे राहिले होते. १७८६ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्या न्यायालयाने ठरवले, की विचारल्यावर मालकाने नोकराबद्दल वाईट सांगितले, तरी द्वेष सिद्ध झाल्याशिवाय दावा उभा राहत नाही. १७९२ मध्ये खोटे चांगले दाखले देणे-घेणे दंडनीय करणारा कायदा आला. १८०० मध्ये ‘कॅरल विरुद्ध बर्ड’ खटल्यात स्पष्ट झाले, की नोकर सोडून जाताना त्याला दाखला देण्याचे मालकावर बंधनच नाही. म्हणजे मालक गप्प बसला तर दोष नाही, बोलला आणि वाईट बोलला तरीही बहुधा दोष नाही. १८३४ मध्ये एका सुतारावर तळघराचे दार फोडून दारू प्यायल्याचा आरोप झाला. त्याच्या दाव्यात न्यायमूर्ती पार्क यांनी जो नियम मांडला, तो आजही भारतातल्या वकिलांच्या तोंडी असतो. कर्तव्य म्हणून किंवा स्वतःच्या रास्त हितासाठी, प्रसंगाला धरून आणि प्रामाणिकपणे केलेले विधान चुकीचे निघाले, तरी त्याला संरक्षण मिळते. हे संरक्षण म्हणजे सापेक्ष विशेषाधिकार. सापेक्ष अशासाठी, की द्वेषबुद्धी सिद्ध झाली की ते गळून पडते.

भारतात दिवाणी अब्रूनुकसानीचा वेगळा लेखी कायदा नाही. न्यायालये याच तत्त्वांवर निर्णय देतात. फौजदारी बाजू आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होती; १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. या कलमाच्या अपवादांत मालकाला लागू पडणारे तीन आहेत. ज्याच्यावर आपला कायदेशीर अधिकार आहे त्याला सद्‌भावनेने दिलेली समज, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्‌भावनेने केलेले विधान, आणि ऐकणाऱ्याच्या भल्यासाठी दिलेली सावधगिरीची सूचना. नव्या मालकाने विचारल्यावर जुन्याने दिलेला शेरा या चौकटीत सहज बसतो.

म्हणून असा दावा लावणाऱ्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. शेरा खोटा आहे, तो तिसऱ्या व्यक्तीपर्यंत गेला, आणि देणाऱ्याने संरक्षणाची मर्यादा ओलांडली. दिवाणी दाव्यात खरेपणा हा संपूर्ण बचाव आहे. चोरी सिद्ध झाली म्हणून काढलेल्या माणसाबद्दल ‘चोरीसाठी काढले’ असे कळवले, तर ते कितीही बोचले तरी भरपाई नाही. मर्यादा ओलांडण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. शेरा देणाऱ्याला तो खोटा असल्याचे ठाऊक होते. वैयक्तिक भांडणाचा वचपा काढला. किंवा एकाने विचारले असताना ईमेल दहा कंपन्यांच्या गटावर पाठवली. संरक्षण गरजेपुरते असते. ज्यांना कळण्याचे कारण नाही त्यांना कळवले, की ते कमकुवत होते.

तिसऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचण्याच्या मुद्द्यावर पाटणा उच्च न्यायालयाचा १९५८ चा एक निर्णय भारतीय पाठ्यपुस्तकांत हमखास आढळतो. बदनामीकारक पत्र उर्दूत लिहिलेले होते. ज्याला आले त्याला उर्दू लिपी येत नव्हती, म्हणून त्याने ते दुसऱ्याकडून वाचून घेतले. पत्र लिहिणाऱ्याला ही अडचण ठाऊक होती असे सिद्ध होत नाही, तोवर हे ‘प्रसिद्धीकरण’ नाही, असे न्यायालयाने ठरवले. उर्दू, तेलुगू, मराठी आणि इंग्रजी एकाच गल्लीत नांदणाऱ्या हैदराबादेत असा प्रसंग कुणाला नवलाचा वाटणार नाही. या निर्णयातून पुढचा प्रश्न निघतो. बदनामी करणारे पत्र फक्त कर्मचाऱ्याच्याच हातात दिले, पण ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय त्याचे चालणारच नाही हे देणाऱ्याला पक्के ठाऊक असले, तर?

स्वतःच्या हाताने दाखवावे लागणारे पत्र

हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे विप्रो कंपनीविरुद्धच्या दाव्यात आला. जुलै २०२५ मध्ये त्याचा निकाल लागला. कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याला जून २०२० मध्ये कामावरून कमी केल्याचे पत्र मिळाले होते. त्यात त्याच्या वागण्याला दुष्ट हेतूचे ठरवणारे शब्द होते, आणि विश्वास पूर्णपणे उडाल्याचे म्हटले होते. कंपनीने हे पत्र कुठे छापले नव्हते की कुणा तिसऱ्याला पाठवले नव्हते. पण पुढच्या प्रत्येक मुलाखतीत ‘मागची नोकरी का सोडली, पत्र दाखवा’ असे विचारले जाणार आणि ते त्याला स्वतःलाच पुढे करावे लागणार, हे उघड होते. कायद्यात याला सक्तीचे स्वप्रसिद्धीकरण म्हणता येईल.

न्यायमूर्ती पुरुषेंद्र कुमार कौरव यांनी हे तत्त्व मान्य केले. कर्मचाऱ्याच्या कामाविषयीचे आधीचे अभिप्राय चांगले होते आणि पत्रातल्या जहरी शब्दांना आधार सापडत नव्हता. न्यायालयाने दोन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि बदनामीकारक मजकूर वगळून नवे पत्र द्यायला सांगितले. या दोन आदेशांपैकी दुसरा अधिक मोलाचा आहे. दोन लाख खर्च होऊन जातात. पण पुढची तीस वर्षे फाइलीत राहणारे पत्र स्वच्छ झाले, तर माणसाला पुन्हा मान वर करून मुलाखतीला बसता येते. या निकालाने सेवासमाप्तीचे पत्रही एक प्रकारे ‘रेफरन्स’च ठरवले, आणि भारतीय कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. तपासणीचा तक्ता हाती लागत नाही, पण हे पत्र तर माणसाच्या स्वतःच्या ताब्यात असते. पुराव्याची पहिली अडचण इथे उरत नाही.

हेच तत्त्व अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये स्वीकारले होते. विमा कंपनीत दाव्यांची छाननी करणाऱ्या चौघींना कंपनीने पिट्सबर्गला कामासाठी पाठवले होते. परतल्यावर प्रवासखर्चाचे हिशेब बदलून द्यायला सांगितले, त्यांनी नकार दिला, आणि ‘घोर अवज्ञा’ हे कारण देऊन त्यांना काढले. पुढच्या मुलाखतींत त्यांना हे दोन शब्द स्वतःच सांगावे लागले. न्यायालयाने प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई मान्य केली, पण धडा शिकवण्यासाठीची जादा दंडात्मक भरपाई नाकारली. अशी रक्कम मिळू लागली तर मालक कारण देणेच बंद करतील, ही चिंता त्यामागे होती, आणि ती निराधार नव्हती.

हयगयीचा रस्ता

अब्रूनुकसानीच्या वाटेवर द्वेषबुद्धी सिद्ध करणे हा सर्वांत मोठा चढ. मनातला आकस कागदावर क्वचितच उतरतो. पण शेरा आकसाने नव्हे, निव्वळ निष्काळजीपणे दिला असेल तर? याचे उत्तर ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ७ जुलै १९९४ रोजी ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन ॲश्युरन्स’ या खटल्यात दिले.

वादी विम्याची विक्री करणारा प्रतिनिधी होता. गार्डियनकडची नोकरी गेल्यावर त्याने स्कॉटिश ॲमिकेबल या कंपनीकडे अर्ज केला. त्या क्षेत्राच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार नव्या कंपनीने शेरा मागवणे आणि जुनीने तो मोकळेपणाने देणे बंधनकारक होते. गार्डियनने कळवले, की या माणसात सचोटी फारशी नाही आणि त्याला प्रामाणिक म्हणता येणार नाही. विम्याच्या धंद्यात अशा माणसाला कोण ठेवणार? खालच्या न्यायालयाने साक्षीपुरावे तपासले. शेरा देणाऱ्यांनी मुद्दाम खोटे लिहिले नव्हते, त्यांना ते खरेच वाटत होते. पण चौकशी धड केली नव्हती. द्वेष नसल्याने बदनामीसारखा दावा टिकेना. मग निष्काळजीपणाचा?

अपील न्यायालयाने तोही नाकारला. द्वेष लागतो हा नियम शतकांपूर्वी ठरला असताना हयगयीच्या मागच्या दाराने तो मोडू नये, असे त्याचे म्हणणे. लॉर्ड्समध्ये लॉर्ड कीथ एकटे याच बाजूचे राहिले. लॉर्ड गॉफ, लॉरी, स्लिन आणि वूल्फ या चौघांनी उलट कौल दिला: माजी कर्मचाऱ्याची पोटापाण्याची सोय ज्या कागदावर अवलंबून आहे, तो लिहिताना वाजवी काळजी घेणे हे मालकाचे त्या कर्मचाऱ्याप्रती कर्तव्य आहे. ‘शेरा देताना घाबरावे लागले तर कोणी खरे बोलणार नाही’ या युक्तिवादापेक्षा, न दिसणाऱ्या चुकीने एखाद्याचे आयुष्य वाया जाऊ नये, हा विचार त्यांना वजनदार वाटला. माणूस प्रामाणिकपणे चुकला तरी घाव तितकाच खोल जातो, हे या निकालाने ओळखले.

पुढे ब्रिटिश न्यायालयांनी कसोटी आणखी नेमकी केली: शेरा खरा, अचूक आणि एकूण परिणामाने न्याय्य असावा. सुटी वाक्ये खरी, पण मांडणीने खोटा ग्रह व्हावा, हे चालणार नाही. २००१ च्या कॉक्स खटल्यात सन अलायन्स या विमा कंपनीने माजी शाखा व्यवस्थापकाच्या अप्रामाणिकपणाचे सूचन केले, पण ज्या चौकशीचा आधार घेतला ती कधी पूर्णच झाली नव्हती. कंपनी हरली.

भारतीय न्यायालयांवर हे निकाल बंधनकारक नाहीत. ते दाखवता येतात आणि त्यांचे वजनही पडते, पण फक्त हयगयीवर भरपाई मिळते असा ठाम नियम इथे रुजलेला नाही. म्हणून दावा बहुधा अब्रूनुकसानीचाच लावतात आणि हयगयीचा मुद्दा सोबत मांडतात.

जर्मनीने वेगळीच वाट धरली आहे. तिथे लेखी दाखला मिळणे हा नोकर माणसाचा कायदेशीर हक्क आहे. तो खरा तर हवाच, पण पुढची वाट अडवणारा नसावा. या दोन अटींच्या ओढाताणीतून दाखल्यांची एक सांकेतिक भाषा जन्माला आली. ‘आमच्या अगदी पूर्ण समाधानाने काम केले’ म्हणजे उत्तम. ‘समाधानाने’ एवढेच असले तर जेमतेम. ‘प्रयत्न केला’ असे लिहिले की जमले नाही असे समजायचे. दाखल्यातल्या एकेका विशेषणासाठी तिथे कामगार न्यायालयात दावे होतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने ठरवले, की मधल्या श्रेणीपेक्षा वरचा दाखला हवा असेल तर आपले काम त्या तोडीचे होते हे कर्मचाऱ्याने सिद्ध करायचे. आपल्याकडेही कायम कामगाराला सेवासमाप्तीच्या वेळी सेवा प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखालील नमुना आदेशांनी दिला होता. पण त्यात काय लिहावे, कसे लिहावे, हे कुणी विचारात घेतले नाही.

सरकारी नोकर

सरकारी नोकरांना घटनेच्या अनुच्छेद ३११ चा आधार असल्याने त्यांच्याबाबत न्यायालये पूर्वीपासून जागरूक राहिली. परिवीक्षेवरच्या माणसाला साध्या आदेशाने कमी करता येते, पण आदेशात कलंक लावणारे शब्द असतील तर रीतसर चौकशी हवी. १९९९ मध्ये कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय केंद्रासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यापुढे पाऊल टाकले. आदेशात कलंक नसून त्यात उल्लेखलेल्या दुसऱ्या कागदात असला तरी तो कलंकच, कारण पुढचा मालक तो कागद मागवू शकतो. २००८ च्या ‘देव दत्त’ निकालाने गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवणे आवश्यक ठरवले. चांगली वाटणारी नोंदसुद्धा, कारण बढतीला ‘अतिशय चांगले’ लागत असेल तर ‘चांगले’ हा शेराही माणसाला मागे ठेवतो. शिवाय सरकारी कर्मचारी आपले कागद माहितीच्या अधिकारात मागू शकतो. खासगी कंपनीतल्या माणसाला ही वाट नाही.

दावा: मुदत, ठिकाण, पुरावा

सगळ्यात आधी लक्षात ठेवायची गोष्ट मुदतीची. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार अब्रूनुकसानीच्या भरपाईचा दावा एक वर्षात लावावा लागतो, आणि वर्ष मोजायचे ते बदनामी प्रसिद्ध झाल्यापासून. अपिलाला उशीर झाला तर न्यायालय तो माफ करू शकते. मूळ दाव्याला ती सवलत नाही. आवश्यक कागद लबाडीने दडवला होता हे सिद्ध झाले, तरच मुदत पुढे सरकते. नोकरी जाण्याच्या धक्क्यात, दुसरी शोधण्यात आणि ‘बघू, समजुतीने मिटेल’ म्हणण्यात वर्ष कधी निघून जाते कळत नाही. कित्येकांचा खरा दावा इथेच बुडतो. हयगयीच्या दाव्याला तीन वर्षे मिळतात असे म्हणता येते, पण समोरचा वकील त्याला वेष पालटलेला अब्रूनुकसानीचाच दावा म्हणणार, हे धरून चालावे.

दुसरा प्रश्न कुठल्या न्यायालयात जायचे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १९ सांगते, की अपकृत्य जिथे घडले किंवा प्रतिवादी जिथे राहतो वा धंदा करतो, त्यांपैकी वादीला हवे तिथे दावा लावता येतो. अंबरपेठेतल्या एखाद्या मुलीने माधापूरच्या कंपनीतली नोकरी सोडली आणि त्या कंपनीच्या शेऱ्यामुळे पुण्यातली नोकरी हुकली, असे धरले तर दावा माधापूरच्या हद्दीतल्या न्यायालयात किंवा शेरा जिथे वाचला गेला त्या पुण्यात लागेल. माधापूर रंगारेड्डी जिल्ह्यात येते. त्यामुळे केवळ घर अंबरपेठेत आहे म्हणून हैदराबादच्या सिटी सिव्हिल कोर्टात जाता येत नाही. चुकीच्या न्यायालयात गेलेले महिने मुदतीच्या हिशेबात पुन्हा वाद निर्माण करतात.

खर्चाचा भाग: भरपाईच्या दाव्याला मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, त्यामुळे मोठा आकडा लिहिणे महाग पडते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळण्याची तरतूद आहे. ती फार थोड्यांना ठाऊक असते.

पुराव्यासाठी पहिले काम म्हणजे नव्या कंपनीला नम्रपणे लेखी विचारणे, की उमेदवारी का थांबली. उत्तर येतेच असे नाही, पण विचारल्याची तारीख नोंदली जाते. ऑफर लेटर, ती रद्द झाल्याची ईमेल, जुन्या कंपनीतल्या वार्षिक मूल्यमापनाच्या प्रती, पगारवाढीची पत्रे, राजीनामा आणि तो स्वीकारल्याचा मजकूर, ही सगळी कागदपत्रे नोकरीत असतानाच घरच्या ईमेलवर किंवा फाइलीत असावीत; ऑफिसचा लॉगिन बंद झाल्यावर ती मिळत नाहीत. मात्र घ्यायचे ते स्वतःविषयीचे कागद, कंपनीचे नव्हे. दिल्लीच्या खटल्यातही आधीचे चांगले अभिप्रायच कामी आले. दावा दाखल झाल्यावर न्यायालयामार्फत जुन्या कंपनीला किंवा तपासणी एजन्सीला मूळ तक्ता हजर करायला लावता येतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते; ते विसरले तर हातातली ईमेलही बाद होऊ शकते.

भरपाईत दोन भाग येतात. एक, हुकलेल्या नोकरीचा पगार आणि मधला बेकारीचा काळ. हे आकड्यांत दाखवावे लागते, आणि त्याच शेऱ्यामुळे नोकरी गेली हे जोडावे लागते. दुसरा, अब्रूला लागलेला धक्का आणि मनस्ताप. याचा आकडा न्यायाधीश ठरवतात. भारतीय न्यायालये इथे हात आखडता घेतात, हे दोन लाखांच्या आकड्यावरून दिसतेच. म्हणून मागणीत रकमेसोबत शेरा मागे घेणे, दुरुस्त पत्र देणे आणि तो शेरा पुन्हा वापरू नये असा मनाई हुकूम, या गोष्टी आवर्जून असाव्यात.

दाव्यांच्या भीतीने अनेक मोठ्या कंपन्या आता तारखा आणि पद याखेरीज काहीच सांगत नाहीत. चांगल्या कामगाराचे त्यात नुकसान होते, कारण त्याच्या कामाची साक्ष द्यायला कुणी उरत नाही. वाईट शेरा मात्र बंद होत नाही. तो लेखी तक्त्यातून निघून ओळखीतल्या फोनवर जातो, आणि तिथे त्याला धरणे आणखी कठीण होते.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मुळे या कोंडीत थोडी फट पडण्याची शक्यता आहे. ज्या माहितीवरून एखाद्याविषयी निर्णय होणार आहे किंवा जी दुसऱ्या संस्थेला दिली जाणार आहे, ती पूर्ण आणि अचूक असल्याची खात्री करणे माहिती बाळगणाऱ्यावर बंधनकारक आहे. संमतीने घेतलेल्या माहितीबाबत ती कुणाला दिली हे विचारण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्कही आहे. तपासणीच्या संमतिपत्रावर सही करणाऱ्या उमेदवाराला तो नव्या कंपनीकडे वापरता येईल. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यातला दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जमा होतो. पीडिताला भरपाई मिळण्याची माहिती तंत्रज्ञान कायद्यातली कलम ४३-अ ची तरतूद याच कायद्याने वगळण्याचे ठरवले आहे. त्यामुळे शेरा काय होता हे कळण्याची सोय नव्या कायद्याने होईल. पैसे मात्र पूर्वीसारखेच, एक वर्षाच्या आत, दिवाणी न्यायालयात मागावे लागतील.